भरलेल्या वर्गाचे दार

महाराष्ट्रातल्या बहुतेक सर्वसाधारण शाळांमध्ये वर्गाचे दार बाहेरून पाहिले, तर त्यावर जाड लोखंडी अल्ड्रॉप, म्हणजे आडवा सरकवायचा दांडा, दिसतो, शेजारी कुलूप अडकवायचा कोयंडा असतो आणि इमारत जुनी असेल तर साखळीची कडीही शाबूत असते. तेच दार आतून पाहिले, तर वर एक टॉवर बोल्ट, म्हणजे चौकटीच्या भोकात सरकवायची छोटी दांडी, खाली तसाच एक टॉवर बोल्ट आणि मधोमध ओढायची मूठ, एवढेच हाती लागते. याचा अर्थ असा की व्हरांड्यात उभा असलेला कोणीही, अगदी तिसरीतला मुलगासुद्धा, एका हाताने आतल्या साठ जणांना कोंडू शकतो आणि त्या साठ जणांकडे त्यावर काहीही इलाज नसतो. उलट बाहेर धोका उभा राहिला आणि दार आतून बंद करायची वेळ आली, तर शिक्षिकेला टाचा उंचावून वरचा बोल्ट चढवावा लागतो. नंतर तिला काही झाले, तर तो बोल्ट काढण्याइतकी उंची पहिलीच्या वर्गात कोणाचीही नसते. हे दार निवडताना नेमका कोणाचा विचार झाला होता, हा प्रश्न मी गेली काही वर्षे स्वतःला विचारतो आहे, आणि त्याचे एकच उत्तर मला सापडले आहे. विचार झाला तो रिकाम्या खोलीचा.

हा विचार निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. शाळेत दूरदर्शन संच आणि प्रोजेक्टर असतात, संगणक असतात, पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ असते, निवडणुकीच्या काळात त्याच खोल्यांत मतदान केंद्रे उभी राहतात. रात्री राखणदार असतोच असे नाही. चोरी झाली की मुख्याध्यापकांना पोलीस ठाण्यापासून शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत हेलपाटे घालावे लागतात, म्हणून ते बांधकाम करणाऱ्याकडे मजबूत कडीची मागणी करतात आणि तो ती पुरवतो. भारतीय मानक ब्यूरोचे अल्ड्रॉपसाठीचे मानक, आयएस २८१, आपल्या शीर्षकातच हे कुलूप लावण्यासाठीचे सरकते बोल्ट आहेत असे सांगते. वस्तू आपल्या नावाला जागते. ती बाहेरून कुलूप लावण्यासाठी घडवली आहे आणि ते काम ती उत्तम करते. दोष आहे तो, माणसे आत बसलेली असतानाही तीच वस्तू दारावर मोकळी लटकत ठेवण्यात.

शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हावे असे म्हटले आहे. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्गखोली सुमारे नऊ-दशांश काळ रिकामी असते आणि तिचे दार त्या नऊ-दशांश काळाची राखण करण्यासाठी निवडलेले असते. नुकसान किती होऊ शकते याचा हिशोब मात्र याच्या अगदी उलटा आहे. रिकाम्या खोलीतून गेलेली वस्तू पुन्हा विकत घेता येते. म्हणून त्या उरलेल्या एक-दशांश काळाला दाराच्या निवडीत पहिला अधिकार असला पाहिजे आणि चोरीचा विचार त्यानंतर, त्या अधिकाराला धक्का न लावता झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मी स्वतः ज्या शाळेत शिकलो, तिथे मधल्या सुट्टीनंतर दुसऱ्या तुकडीच्या मुलांनी आमच्या वर्गाला बाहेरून कडी घालणे हा जवळजवळ साप्ताहिक खेळ होता. सर आत असत, तेही हसत, मग खिडकीच्या गजांतून कोणाला तरी हाक मारली जाई आणि पाच-सात मिनिटांनी सुटका होई. त्या पाच-सात मिनिटांत काहीही घडले नाही म्हणून ती आठवण आज खेळाची वाटते. खिडक्यांना गज होते, दार एकच होते आणि भिंतीपलीकडच्या खोलीत सरकारी योजनेची खिचडी शिजत असे, हे सगळे मला पुष्कळ नंतर, इमारतींची कामे पाहू लागल्यावर एकत्र दिसले. शाळा सुटल्यावर वर्गात झोपी गेलेले मूल आत राहिले आणि शिपायाने कुलूप लावले, अशी बातमीही आपण अधूनमधून वाचतो. त्या मुलाला आतून हँडल फिरवून बाहेर येता आले असते, तर ती बातमी झालीच नसती.

कडी आणि मृत्यू यांचा संबंध किती सरळ असतो, याचा सर्वांत क्रूर पुरावा इंग्लंडमधल्या संडरलँड गावात मिळतो. १६ जून १८८३ रोजी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ होता. तो संपताना खाली बक्षिसे वाटली जात आहेत असे कळले आणि वरच्या सज्जातली मुले जिन्याने धावली. जिन्याच्या तळाशी असलेले दार जिन्याच्याच दिशेने उघडणारे होते आणि एका वेळी एकच मूल बाहेर जावे म्हणून ते किंचित उघडे ठेवून बोल्टने पक्के केलेले होते. त्या फटीशी १८३ मुले गुदमरून मेली. आग नव्हती, धूर नव्हता, कोणी हल्ला केला नव्हता. होता तो शिस्तीसाठी लावलेला एक बोल्ट. त्यानंतर काही वर्षांतच, १८९२ मध्ये, रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी इंग्लंडमध्ये आतून दाब पडताच सुटणाऱ्या बोल्टचे पेटंट घेतले.

अमेरिकेला हाच धडा शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये मिळाला. ३० डिसेंबर १९०३ रोजी, नाताळच्या सुट्टीतल्या दुपारच्या खेळाला, स्त्रिया आणि मुलांनी भरलेल्या त्या नव्या कोऱ्या नाट्यगृहात आग लागली आणि ६०२ माणसे गेली. बाहेर जाण्याची काही दारे कुलूपबंद होती, काही पडद्यांआड लपलेली होती आणि काहींना असे अनोळखी खटके होते की धुरात चाचपडणाऱ्या माणसाला ते कसे उघडायचे हे समजेना. इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीत काम करणारे कार्ल प्रिन्झलर त्या खेळाला जाणार होते. कामामुळे त्यांचे जाणे राहिले. त्यांनी हेन्री ड्यूपाँट या वास्तुरचनाकाराच्या मदतीने दारावर आडवी दांडी बसवण्याचे साधन तयार करवून घेतले. त्या दांडीवर अंग टेकले तरी खटका सुटतो आणि दार उघडते. १९०८ मध्ये ते बाजारात आले, आणि व्हॉनेगट, ड्यूपाँट व प्रिन्झलर या तीन नावांची पहिली अक्षरे जोडून झालेला व्हॉन ड्यूप्रिन हा छाप आजही चालतो. आपल्याकडे मॉलच्या आणि मल्टिप्लेक्सच्या मागच्या जिन्यावर दिसणारी, पॅनिक बार म्हणून ओळखली जाणारी लाल-चंदेरी दांडी ती हीच. तिच्यामागचा विचार असा, की घाबरलेल्या माणसाकडून कौशल्याची अपेक्षा ठेवू नये. त्याने किल्ली शोधावी, खटका ओळखावा, दोन हातांनी दोन कामे करावीत, यातले काहीही गृहीत धरू नये. तो जे आपोआप करतो, म्हणजे दाराला ढकलतो, त्यानेच दार उघडले पाहिजे.

आपल्या देशात हा विचार पोहोचला नव्हता असे नाही, पण तो दारापर्यंत उतरला नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक धुराने गुदमरले, तेव्हा बाल्कनीतून बाहेर नेणारे दार बोल्ट लावलेले होते आणि आतल्या माणसांना ते जोर लावून उघडावे लागले. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले जळून गेली. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला इमारतीत वरच्या मजल्यावरच्या शिकवणीतल्या २२ विद्यार्थ्यांचा जीव गेला. या दोन्ही ठिकाणी मुख्य दोष दाराच्या कडीचा नव्हता. कुंभकोणमला झावळ्यांचे छप्पर आणि अरुंद जिना होता, सुरतेला जिनाच जळून गेला. प्रत्येक दुर्घटना आपल्या मुद्द्याला जोडून घेण्याचा मोह लेखकाने टाळला पाहिजे. तरीही या दोन घटनांनी एवढे दाखवून दिले की मुलांच्या हाती असलेली मिनिटे फार थोडी असतात, आणि त्यांतली काही मिनिटे जर बोल्ट काढण्यात जाणार असतील तर जिना कितीही रुंद असून उपयोग नाही.

आता दुसरी बाजू. दार उघडण्याचीच चिंता असती तर सगळ्या कड्या काढून टाकणे हा सोपा उपाय झाला असता. पण वर्गाचे दार बंद करण्याचीही गरज असते, आणि या गरजेचा सर्वाधिक विचार, दुर्दैवाने, अमेरिकेला करावा लागला आहे. तिथल्या शाळांमध्ये पूर्वापार असे कुलूप असे की आतले हँडल नेहमी मोकळे, पण बाहेरचे हँडल अडकवायचे तर शिक्षकाने व्हरांड्यात येऊन बाहेरून किल्ली फिरवायची. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हुक शाळेत बंदूकधारी शिरला तेव्हा तिथल्या वर्गांना अशीच कुलपे होती. त्या दिवशी २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. ज्या व्हरांड्यात मारेकरी फिरतो आहे, तिथे जाऊन दाराला किल्ली लावा असे शिक्षिकेला सांगणारे ते कुलूप होते. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने वर्ग आतून बंद करता आले पाहिजेत अशी शिफारस केली आणि आपल्यापुढे आलेल्या पुराव्यांत कुलूप लावलेले वर्गाचे दार हल्लेखोराने फोडल्याचे एकही उदाहरण नाही, असेही नमूद केले. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डी इथे १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्या एका वर्गाचे कुलूप नीट लागत नाही हे शाळेत आधीपासून माहीत होते, आणि किल्ल्यांची टंचाई असल्यामुळे दारे अडसर लावून उघडी ठेवण्याची सवयही पडलेली होती. नंतर पोलीस बाहेर तासाहून अधिक काळ थांबले आणि किल्ल्या शोधत राहिले; चौकशी समितीचा निष्कर्ष असा की ते दार बहुधा कुलूपबंद नव्हतेच.

या घटनांनंतर तिथे दाराला आतून लावायच्या अडसरांचा मोठा बाजार उभा राहिला. जमिनीतल्या भोकात खिळा, दार आपोआप लोटणाऱ्या वरच्या दांड्याला पट्टा, हँडलखाली लोखंडी पाचर, असे अनेक प्रकार घाबरलेल्या पालकांनी आणि शाळांनी विकत घेतले, आणि ओहायोसारख्या राज्याने कायदा बदलून त्यांना वाटही करून दिली. अग्निशमन अधिकाऱ्यांनी त्यांना विरोध केला आणि माझ्या मते त्यांचा विरोध पूर्णपणे योग्य होता. जो अडसर शिक्षिका लावू शकते तो हल्लेखोरही लावू शकतो. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये हल्लेखोराने इमारतीची दारे आतून साखळ्यांनी बांधली होती. त्या दिवशी ३२ जणांचा जीव गेला. बाहेरून किल्लीने उघडता येत नाही असे बंद दार म्हणजे मदतीची वाट बंद करणे होय. आपल्याकडे हा बाजार अजून आलेला नाही, पण भीतीच्या लाटेवर वस्तू विकल्या जाण्याला सरहद्द नसते, म्हणून आजच हे सांगून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आपले धोके अमेरिकेसारखे नाहीत, आणि तिथली भीती उसनी आणण्याचे कारणही नाही. पण वर्ग आतून बंद करण्याची वेळ आपल्याकडे येतच नाही, असेही नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात उसाच्या आश्रयाने राहणारे बिबटे वस्तीत येतात. बेंगळुरूच्या एका शाळेत ७ फेब्रुवारी २०१६ रोजी, सुदैवाने रविवारी, बिबट्या शिरला होता. आग्या मोहोळ उठते, पिसाळलेले कुत्रे आवारात येते, दारू प्यालेला माणूस फाटकातून आत घुसतो, गावातल्या भांडणाचा जमाव शाळेपर्यंत पोहोचतो. अशा वेळी मुलांना आत घेऊन दार लावणे हाच पहिला उपाय असतो. आणि आत घेतलेली मुले असताना स्वयंपाकाच्या खोलीत गॅस पेटला, वायरिंगमध्ये ठिणगी पडली किंवा जमीन हलली, तर दार तत्क्षणी उघडलेही पाहिजे. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप, दोन्ही पहाटे झाले, म्हणून वर्ग रिकामे होते. चौकट तिरकी झाली की टॉवर बोल्ट आपल्या भोकात कसा अडकून बसतो, हे ज्याने भूकंपानंतरची घरे पाहिली आहेत त्याला सांगावे लागणार नाही.

मग कोणते कुलूप? इथे थोडा तपशील टाळता येणार नाही, कारण सगळा प्रश्न तपशिलात आहे. हँडलच्या कुलपांचे, वरून सारखेच दिसणारे, वागायला अगदी वेगळे असे काही प्रकार असतात. एकात दोन्ही बाजूंची हँडले नेहमी मोकळी असतात. त्यात बंदच करता येत नाही. दुसऱ्याला स्टोअररूमचे कुलूप म्हणतात. त्यात बाहेरचे हँडल कायम अडकलेले असते आणि प्रत्येक वेळी किल्लीनेच उघडते. ते सुरक्षित वाटते, पण वर्गात मुलांची ये-जा दिवसभर चालते, त्यामुळे दोन दिवसांत दाराखाली वीट किंवा खुर्ची अडकवली जाते आणि कुलूप असून नसल्यासारखे होते. तिसरा ऑफिसचा प्रकार. त्यात आतून बटण दाबून किंवा खुंटी फिरवून बाहेरचे हँडल अडकवता येते. चौथा जुना वर्गाचा प्रकार, ज्याची किल्ली फक्त बाहेरून लागते. त्याचा दोष सँडी हुकमध्ये दिसला. पाचव्या प्रकारात आतल्या बाजूलाही किल्लीचे भोक असते. शिक्षिका वर्गातच उभी राहून, दार न उघडता, ती किल्ली फिरवते आणि बाहेरचे हँडल अडकते. आतले हँडल मात्र कोणत्याही स्थितीत, किल्लीशिवाय, एका हालचालीत दार उघडते. आणि बाहेरून मुख्याध्यापकांच्या किंवा अग्निशमन दलाच्या हाती असलेल्या किल्लीने ते उघडता येते. माझी निवड हा पाचवा प्रकार आहे.

ऑफिसचा, बटणाचा प्रकार स्वस्त आहे आणि घाईत तो जास्त सोपाही आहे, हे मला मान्य आहे. भीतीने हात थरथरत असताना किल्ली भोकात बसवणे अवघड जाते, हा आक्षेप खरा आहे. तरीही मी तो वर्गासाठी नाकारतो, कारण बटण कोणीही दाबू शकते. चार दांडगी मुले एका दुबळ्या मुलाला घेऊन रिकाम्या वर्गात शिरतात आणि बटण दाबतात; एखादा प्रौढ एका मुलीला थांबवून घेतो आणि बटण दाबतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघडकीला आल्यानंतर शाळांतील मुलींच्या सुरक्षिततेची चर्चा बहुतेक कॅमेऱ्यांभोवती फिरली. कॅमेरा घडलेले दाखवतो. दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेची अरुंद उभी पट्टी असणे आणि ते दार बाहेरून किल्लीने उघडता येणे, ही तितकीच गंभीरपणे मागण्याची गोष्ट आहे, आणि तिला वीजही लागत नाही, साठवणुकीची जागाही लागत नाही. काचेतून दिसणारा वर्ग हल्ल्याच्या वेळी धोक्याचा ठरतो असे अमेरिकेतले काही जण म्हणतात. तिथे ते खरे असेल, तर पट्टीवर ओढायचा छोटा पडदा ठेवावा. आपल्याकडे बंद दाराआडचा ओळखीचा माणूस हा व्हरांड्यातल्या बंदूकधाऱ्याहून कितीतरी जवळचा धोका आहे.

हँडल गोल मुठीचे नसावे, दांडीचे असावे. गोल मूठ घामेजलेल्या लहान हातात फिरत नाही, आणि हाताने अधू असलेल्या मुलाला ती निरुपयोगी असते. दांडी कोपराने किंवा मनगटानेही दाबता येते. ती जमिनीपासून मीटरभर उंचीवर असावी, म्हणजे धुरात वाकून चाललेल्या मुलाच्या हाताला लागते. आणि आणखी एक गोष्ट, जी परदेशी कॅटलॉगमध्ये सापडणार नाही: आपला पावसाळा. कोकणात आणि गोव्यात जूनच्या अखेरीस लाकडी दार फुगते, चौकटीत घट्ट बसते, बोल्ट आणि त्याचे भोक एका रेषेत राहत नाहीत, आणि मग दार लाथेने लावायची व खांद्याने उघडायची सवय पडते. मे महिन्यात बसवून तपासलेले कुलूप जुलैमध्ये पुन्हा तपासले पाहिजे. समुद्राजवळ साधे लोखंड दोन पावसाळ्यांत गंजून जाम होते. तिथे स्टेनलेस स्टीलचा आग्रह ही चैन नव्हे.

दोन झडपांच्या दाराविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यातली फसवणूक नजरेला दिसत नाही. १,२०० मिलिमीटरचे दार कागदावर ऐसपैस असते. पण एक झडप वरखाली बोल्ट लावून कायमची बंद ठेवली जाते, आणि साठ मुलांसाठी उरते ६०० मिलिमीटरची फट. राष्ट्रीय इमारत संहिता बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान १,००० मिलिमीटर असावी, ते बाहेरच्या बाजूला उघडावे आणि आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता यावे असे सांगते. नवे दार करायचे असेल तर ते हजार मिलिमीटरचे एकाच झडपेचे करावे. ते बाहेर उघडले तर अरुंद व्हरांडा अडतो, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी चौकट भिंतीच्या आत घ्यावी किंवा दार पूर्ण फिरून भिंतीला टेकेल अशा बिजागऱ्या लावाव्यात. संहितेतली ही वाक्ये इमारतीच्या बाहेर पडण्याच्या दारांविषयी आहेत, वर्गाच्या दाराविषयी नाहीत, असे कोणी म्हणेल. बाकावर बसलेल्या मुलासाठी बाहेर पडण्याचे पहिले दार वर्गाचेच असते, आणि तेच उघडले नाही तर जिन्याच्या दाराला कोणते कुलूप आहे याने त्याला काही फरक पडत नाही.

पॅनिक बार प्रत्येक वर्गाला हवा असे मी म्हणत नाही. अमेरिकेत त्याची सक्ती माणसांच्या संख्येवर ठरते. एका संहितेत ५० माणसांपासून, दुसरीत १०० पासून, आणि तो सुमारे पावणेसात किलोच्या दाबात सुटला पाहिजे अशी अट असते. आपल्या शाळांत त्याची जागा सभागृहाला, प्रयोगशाळेला आणि जिन्याच्या तळाच्या दाराला आहे. तिथे आज बहुधा लोखंडी चॅनल गेट असते. मुले मधेच पळू नयेत म्हणून, परीक्षेच्या काळात बाहेरचे आत येऊ नयेत म्हणून, ते ओढून कुलूप घातले जाते आणि किल्ली शिपायाच्या खिशात असते. संडरलँडच्या जिन्याखालच्या दारात आणि या गेटात मला तत्त्वतः काहीही फरक दिसत नाही. बाहेरच्यांना अडवण्यासाठी बाहेरून बंद आणि आतून ढकलताच उघडणारे दार हे या दोन्ही गरजांचे उत्तर आहे. पुण्या-मुंबईतल्या नव्या इमारतींत आणि लातूरसारख्या शिकवण्यांच्या शहरांत आता विजेवरची चुंबकी कुलपे येऊ लागली आहेत; ती घेताना वीज गेली की आणि आगीचा इशारा वाजला की दार सुटते का, एवढे विचारावे. भिंतीवरचे हिरवे बटण दाबले की दार उघडते, हे पुरेसे उत्तर नाही. अंधारात भिंत दिसत नाही.

कायद्याची बाजू कमकुवत नाही. कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या याचिकेत, अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय देताना शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे असे म्हटले आणि शाळांच्या इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहितेच्या पालनाचे आदेश दिले. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मालक किंवा भोगवटादारावर जबाबदारी टाकतो आणि जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मागतो. त्या प्रमाणपत्रासाठी येणारा माणूस सिलिंडरवरची तारीख पाहतो, होज रील पाहतो; वर्गाचे दार आतून उघडून पाहणारा मला अजून भेटलेला नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत पक्की इमारत, अडथळाविरहित प्रवेश, स्वच्छतागृहे, कुंपण यांचा उल्लेख आहे, दाराच्या कडीचा नाही. त्यामुळे हा निर्णय प्रत्यक्षात दुकानात, फिटिंगची यादी करताना, सर्वांत शेवटी उरलेल्या पैशांत होतो. तो शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखड्यात आणला पाहिजे, कारण त्या समितीत बहुसंख्य पालक असतात आणि आराखडा करणे हे कायद्याने त्यांचे काम आहे.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानत नाही. असे चांगले मॉर्टिस कुलूप, म्हणजे दाराच्या जाडीत बसवायचे हँडलचे कुलूप, अल्ड्रॉपपेक्षा कितीतरी महाग असते आणि दोन शिक्षकी शाळेला ते एकदम परवडणार नाही. म्हणून सगळ्या दारांचे एकाच वर्षी व्हावे असे नाही. सर्वांत लहान मुलांचा वर्ग, वरच्या मजल्यावरचे वर्ग आणि स्वयंपाकघराशेजारचा वर्ग आधी घ्यावेत. तोवर आहे त्या कडीवरही उपाय आहे. साखळीची कडी असेल तर सकाळी दार उघडल्यावर कुलूप कोयंड्यातच अडकवून बंद करावे, म्हणजे दिवसभर त्यावर साखळी चढत नाही. अल्ड्रॉपचा दांडा मात्र कोयंडा भरलेला असला तरी सरकू शकतो. त्यासाठी दांडा पूर्ण मागे ओढल्यावर जिथे त्याची पट्टी येते, तिथे दुसरा कोयंडा बसवावा आणि शाळा भरल्यावर रात्रीचेच कुलूप त्याच्यात घालावे. आतला वरचा बोल्ट काढून, दार लोटल्यावर आपोआप बसणारा आणि हँडलने सुटणारा साधा खटका लावावा. दुसरा कोयंडा लावायला गावातल्या वेल्डिंगवाल्याला एका दाराला अर्धा तासही लागत नाही. आठ वर्गांच्या शाळेचे काम एका रविवारी होते, आणि सोमवारी पहिलीतल्या सर्वांत लहान मुलीला दार लावून घेऊन ते एकटीने उघडायला सांगता येते.